दुसरा रिमोट

२ नोव्हेंबर, रविवार

काढलं एकदाचं खाली! धूळ एवढी की दोघंही शिंकत बसलो. सासरा एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला, मधे विमान.

फेब्रुवारीपासून ते बाहेरच्या खोलीत छताच्या हुकाला लटकत होतं, त्यानं अडकवलं तसंच. एका पंखावर पारदर्शक कागद चढवून झालेला, दुसऱ्याच्या नुसत्या फासळ्या. "उरलेलं रविवारी करतो," म्हणाला होता. गुरुवारी ऑफिसच्या जिन्यात दम लागला म्हणून बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून मी त्या पंखाखालून ये-जा करतेय आणि वर बघत नाहीये.

आज जेवताना अण्णाच म्हणाले, "सूनबाई, ते खाली घे. टांगलेलं विमान आणि वाळत घातलेला सदरा, फरक काय? पुरं करू आणि उडवू."

उडवणार कोण?

"तू!"

मी हसलेच. मला साधी सायकल येत नाही. आणि घरात हे एवढे वस्ताद बसलेले — लेकाला शिकवलं ते ह्यांनीच. मग ह्यांनीच उडवावं की! तर दोन्ही अंगठे माझ्या तोंडासमोर धरले. सांधे सुजून नुसत्या गाठी. "हे गेले कामातून. पण शिकवायला तोंड पुरतं."

तोंड पुरतं हे खरं. तोंडाला काहीच झालेलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाई होत्या तेव्हा विमानाला 'उंडगी' म्हणायच्या. "गेले दोघं उंडगीला घेऊन!" रविवार सकाळ, डबा, पाण्याची बाटली, आणि बाप-लेक टेकडीवर. मग प्रत्येक नवीन विमानाला तेच नाव पडलं. उंडगी मोडायची, नवी उंडगी यायची. आता टेबलावर आहे ती शेवटची. हिच्यानंतर बनवणारं कोणी नाही.

ते मनात आलं आणि पंखाला कागद चढवायला काढलेली इस्त्री हातात घेऊन नुसती उभी राहिले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसऱ्या पंखावर कागद चढवला. इस्त्री जेमतेम कोमट ठेवायची, कडेनं चिकटवत यायचं, मग मधे फिरवली की कागद आपोआप ताणून बसतो. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये मेणाचे दात कोरते, त्यामुळे हात बरा आहे. अण्णा शेजारी बसून बोटांनी चाचपून सांगत होते — "इथं सुरकुती आहे. इथं परत फिरव." मला दिसत नव्हती ती सुरकुती त्यांच्या बोटाला लागत होती.

एका फासळीवर त्याचं अक्षर आहे. पेन्सिलीनं 'डावा', आणि पुढे एक बारीक फुली. त्या फुलीवर आणि दुसऱ्या पंखाला तशाच जागी बोट ठेवून उचललं तर विमान तोलून राहायला हवं, असं अण्णा म्हणाले. कागद पारदर्शक निघाला हे बरं झालं. रंगीत असता तर मी ते अक्षर झाकलं नसतं. पंख तसाच ठेवला असता उघडा.

८ नोव्हेंबर, शनिवार

फुलीवर धरलं तर शेपूट धपकन खाली. नाकात वजन घालायला हवं. घरात शिसं नाही. लॅबमधून धातूचे उरलेले तुकडे आणले, कॅप ओतल्यावर उरतात ते. नाकात भरले, मेणानं पक्के केले. लॅबमधल्या पॉलिशवालीला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे तुमच्या विमानाला दात आले!" अण्णांना सांगितलं. तेवढं हसले की ठसका लागला.

आता तोललं. फुलीवर बोट, आणि उंडगी अधांतरी. आम्ही दोघं श्वास धरून.

९ नोव्हेंबर, रविवार

शाळेमागच्या मैदानात नुसतं फेकून बघितलं. त्याचा रिमोट चालू, पण हात लावायचा नाही. मला वाटलं कागदाचं विमान फेकतात तसं वर फेकायचं. "वर नाही! समोर! क्षितिजाला मार!" अण्णा ओरडले. तिसऱ्या वेळी जमलं. हातातून सुटलं आणि गवतावरून सरळ, शांत गेलं, आणि पोटावर टेकलं.

एकदा जरा वाकडं सुटलं. वाटलं, गेलं. पण कलंडता कलंडता स्वतःच सरळ झालं. अण्णांना म्हटलं तर म्हणाले, "ही जात शहाणी असते. पंखांची टोकं वर उचललेली आहेत ना, त्यामुळे कलंडलं तरी आपलं आपण सावरतं. माणसानं मधे लुडबुड केली नाही तर."

परत येताना रस्त्याच्या कडेला त्यांचा पाय अडखळला. पिशवी मी घेतली, हातही धरला. हात सोडला नाही त्यांनी घरापर्यंत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ताईचा फोन. नणंद आहे, पण जावांपेक्षा बरी, असं मीच कधीतरी तिला म्हटलं होतं. आज नेहमीचंच. "अण्णांना माझ्याकडे पाठव. तू एकटी किती करशील? आणि तूही मोकळी हो गं. वय काय तुझं!"

मोकळी. ह्या घरात आता सासरा आणि सून. मधला माणूस गेला, दोन टोकं राहिली. अण्णा गेले की मी मोकळी होईन, आणि मग संध्याकाळी लॅबमधून येऊन कुलूप कोणासाठी उघडू? हे तिला बोलले नाही. "बघू," म्हटलं.

अण्णा ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "विमान शिकवायचं राहिलंय अजून. सांग तिला."

१५ नोव्हेंबर, शनिवार

मी स्पष्टच सांगितलं — मी नाही उडवणार. मैदानात फेकणं वेगळं, टेकडीवरून सोडणं वेगळं. त्याच्या हातची शेवटची वस्तू. माझ्या हातून फुटली तर? एकदा गेलेला माणूस मी परत घालवणार नाही.

अण्णा उठून आत गेले, खुडबुड केली आणि त्यांचा जुना रिमोट घेऊन आले. विटेएवढा जड, त्यावर सासूबाईंनी शिवलेली पिशवी. टेकडीवर वाऱ्यानं बोटं गारठतात म्हणून जुन्या कोटाची शिवली होती — दोन्ही बाजूंना हात घालायला बाह्या, वर बघायला प्लास्टिकची खिडकी. ती खिडकी आता पिवळी पडून आंधळी झालीय.

म्हणाले, "नवशिक्याला असंच शिकवतात. एक रिमोट शिकणाऱ्याकडे, दुसरा वस्तादाकडे, मधे वायर. तू उडव. घाबरलीस की नुसतं 'घ्या' म्हण. मी इकडून बटण दाबलं की विमान माझं. वाचवण्यापुरते अंगठे चालतात अजून."

"नक्की?"

"तुझ्या नवऱ्याला असंच शिकवलं."

मग ठीक आहे. दुसरा रिमोट त्यांच्या हातात असेल तरच. नाहीतर नाही. तसं वदवून घेतलं त्यांच्याकडून.

१६ नोव्हेंबर, रविवार

वारा नाही. परत आलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

वारा होता, पण पूर्वेचा. म्हणजे असून नसल्यासारखा. आमची टेकडी पश्चिमेला तोंड करून आहे. मोटर नाही, काही नाही. समोरून वारा येऊन टेकडीला धडकतो, जायला जागा नाही म्हणून वर चढतो, आणि त्या वर चढणाऱ्या वाऱ्यावर विमान राहतं. वारा पाठीमागून आला की सगळं उलटं. हवा खाली दाबते.

अण्णा नुसते उभे होते, तोंड वाऱ्याकडे करून, डोळे मिटून. "जरासा दक्षिणेकडे सरकतोय," म्हणाले. गालानं वारा ओळखतात.

३० नोव्हेंबर, रविवार

उडालं!

आधी सगळं लिहिते, नाहीतर विसरेन. वारा समोरून, अंगावर रेलता येईल एवढा. पोस्टमन आला होता, टेकडीवरचा त्या दोघांचा जुना भिडू. आठवडाभर पत्रं वाटतो आणि रविवारी विमान. त्यानं फेकायला मदत केली. अण्णा त्यांच्या घडीच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी, दोन्ही हात बाह्यांत. वायर माझ्या रिमोटपासून त्यांच्या पिशवीत.

अण्णांची एक अट. "बोलत उडवायचं. कुठे आहे, किती वर, कुठला पंख खाली — सगळं तोंडानं बोल. मुक्यानं उडवलंस तर हात बधिर होतात." त्यालाही असंच शिकवलं म्हणे.

आणि दुसरी अट. 'घ्या' म्हटल्यावर दोन्ही अंगठे हवेत वर. पूर्ण वर. "दोघांनी एकदम चालवलं तर ते दोघांचंही ऐकत नाही."

फेकलं आणि ते वर गेलं! जिन्यानं चढल्यासारखं. मी ओरडत होते, "समोर आहे! वर जातंय! डावीकडे वळलं!" समोर जातंय तोवर ठीक. परत आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं. मला कळेचना. मी डावीकडे ढकलतेय, ते दुसरीकडेच, आणि सरळ टेकडीवर!

"घ्या! अण्णा घ्या!"

"घेतलं! हात वर!"

अंगठे वर केले आणि ते सरळ झालं. तिथल्या तिथे. आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा फासळ्या मोजता आल्या असत्या. "आता परत तुझं," म्हणाले, एकदम शांत. जसा काही चहाचा कप दिला हातात.

उतरवताना झुडपात गेलं, शेपटाची पट्टी मोडली. पण उडालं. घरी येताना मी रडले नाही, हसलेही नाही. पाय दुखत होते.

२ डिसेंबर, मंगळवार

शेपटाची पट्टी दुरुस्त केली. कवळीचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक वापरलं, पटकन घट्ट होतं. उंडगीला आता दातही आहेत आणि हिरड्याही.

५ डिसेंबर, शुक्रवार

दवाखान्यातून फोन आला, "तो पूर्ण कवळीचा सेट राहू द्या. पेशंट गेले." सेट तयार होता. माझ्या टेबलावर. मीच दात बसवले होते, वरचा एक जरासा तिरका, त्यांच्या जुन्या फोटोत होता तसा. मालक म्हणाला, "टाकून द्या." टाकवला नाही. कप्प्यात ठेवला. अशा वस्तूंचं काय करायचं असतं ते कोणी सांगत नाही.

७ डिसेंबर, रविवार

आज चार-पाच वेळा 'घ्या'. दर वेळी 'घेतलं, हात वर', आणि दर वेळी ते सरळ. मी चिडले. म्हटलं, तुम्ही घेतलं की लगेच सरळ होतं आणि माझ्या हातात आलं की माकड होतं! म्हणाले, "तू फार करतेस. पोळी भाजताना सारखी उलटत बसलं तर भाजते का?"

एक युक्ती सांगितली. विमान आपल्याकडे येत असेल तर डावं-उजवं विचारच करू नको. जो पंख खाली झुकलाय, त्या बाजूला रिमोटची स्टिक न्यायची, झुकत्या पंखाला टेकू दिल्यासारखी. दहा वेळा चुकले, मग एकदम बसलं डोक्यात.

पोस्टमन जवळ येऊन आमची वायर बघत होता. मी म्हटलं, अण्णांच्या जुन्या रिमोटवरसुद्धा कसं छान चालतं बघा. तो अण्णांकडे बघून म्हणाला, "अण्णांच्या रिमोटची गोष्टच वेगळी." अण्णा म्हणाले, "तू तुझं विमान सांभाळ."

१४ डिसेंबर, रविवार

वळताना नेहमी टेकडीपासून बाहेर वळायचं. टेकडीकडे कधीच नाही. आणि टेकडीच्या मागे तर मुळीच जाऊ द्यायचं नाही. तिथे हवा खाली कोसळते, मागे गेलेलं विमान परत येत नाही. अण्णा म्हणाले, "मागे गेलं ते गेलं. समोर ठेव."

घरी येऊन मी कपाट उघडलं. त्याचे शर्ट. परत बंद केलं.

२० डिसेंबर, शनिवार

लॅबमध्ये मी बोलत होते म्हणे काम करताना. "डावीकडे जरा वर आहे, आता समोर." पॉलिशवाली म्हणते, "बाई, दातांना रस्ता दाखवताय का?"

अण्णांनी आज पेपर मला वाचायला लावला. "तुझा आवाज बरा वाटतो." चहा ओतताना बोट कपाच्या कडेला लावून ठेवतात. म्हातारपण. खांद्यावरचं माप कमी झालंय त्यांचं, सदरा लोंबतो.

२८ डिसेंबर, रविवार

आज एकदाच 'घ्या'.

आणि तेही उगीचच, सवयीनं.

४ जानेवारी, रविवार

मी उडवत होते आणि सांगत होते. वर एक घार आली. उंडगीच्या मागे-मागे. खोटं वाटेल, पण दोघी एकाच चढत्या हवेत गोल फिरत होत्या, ती पंख न हलवता, ही पंख न हलवता. मी अण्णांना सगळं सांगितलं, घार कुठे, उंडगी कुठे, कोण वर, कोण खाली. त्यांनी मान वर केलेली, डोळे मिटलेले. म्हटलं, डोळे उघडून बघा की! म्हणाले, "ऊन लागतं. तू सांग. तू बरं सांगतेस."

त्याला कधी असं सांगता आलं नसतं. तो उडवताना गप्पच असायचा, मी दोनदा गेले होते तेव्हा पाहिलंय. ओठ घट्ट मिटून.

आत्ता हे लिहिताना जाणवलं — मग 'त्यालाही असंच शिकवलं' ते काय? विचारायला हवं.

५ जानेवारी, सोमवार

विचारलं. म्हणाले, "पुढे पुढे गप्प झाला तो. लहानपणी फार बडबडायचा." असेल.

१८ जानेवारी, रविवार

वारा नाही. दोघं नुसते बसून आलो टेकडीवर. डबा खाल्ला. अण्णांनी विचारलं, "तो गेला त्या दिवशी सकाळी काय बोलला होता?" मी सांगितलं, "चार्जर कुठे ठेवला गं?" एवढंच. अण्णा म्हणाले, "सापडला का?" हो, उशीखाली होता.

१ फेब्रुवारी, रविवार

ताई येऊन गेली दोन दिवस. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "अण्णा भिंत धरून चालतात हल्ली. डोळे दाखवलेस का?" म्हटलं, ऐकत नाहीत. "माझ्याकडे आले की मी बरोबर नेईन." अण्णा आतून ओरडले, "माझे डोळे माझ्याकडे आहेत!"

ती गेल्यावर मला म्हणाले, "आपली उंडगी सोडून मी कुठे जात नाही." मी म्हटलं, आता मला येतं की उडवता. तर म्हणाले, "येतं? मग दुसरा रिमोट नको?"

नको कसा! हवाच. मी लगेच म्हटलं तसं. त्यांना बरं वाटलं असावं. मलाही वाटलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

एक वर्ष. कामावर गेले. आले. अण्णांनी भात लावून ठेवला होता. करपलेला. खाल्ला दोघांनी.

२२ फेब्रुवारी, रविवार

आजचं नीट लिहायचं आहे.

वारा छान होता. उंडगी पार वर, दरीवर. मी बोलत होते. मग तिला खाली आणून आमच्या समोरून नेली, एकदम जवळून, आणि सूर्य तिच्या मागे आला. पंख आरपार उजळला. सगळ्या फासळ्या दिसल्या. एकेक त्यानं घासलेली, रात्र-रात्र त्या टेबलावर, बनियनवर भुसा, आणि मी ओरडतेय की आधी जेवून घे. मधे कुठेतरी ते 'डावा' असणार. अक्षर दिसलं नाही. दिसण्यासारखं नव्हतंच. पण मला ते दिसलं.

आणि मग काहीच दिसेना. वर्षभर जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. डोळे, नाक, घसा. रिमोट हातात, विमान कुठे आहे पत्ता नाही. कसंबसं म्हटलं, "अण्णा — घ्या."

"घेतलं. हात वर."

"अण्णा, मला—"

"रड. विमान माझ्याकडे आहे. तुला हवं तेवढं रड. मी बघतोय त्याच्याकडे."

मी खाली गवतात बसले आणि रडले. ओरडून रडले. तो गेला तेव्हा घरात माणसं होती, चहा करायचा होता, ताईला सांभाळायचं होतं, अण्णांना सांभाळायचं होतं, मग लॅब, मग बिलं, मग हे, मग ते. कोणी सांगितलंच नव्हतं की आता सगळं माझ्याकडे दे आणि रड. आज सांगितलं. मी त्याला शिव्याही दिल्या. असा कसा जिन्यात बसलास रे! घरी यायचं होतं ना! अण्णा नुसते पिशवीत हात घालून, तोंड वर करून बसले होते, ओठ घट्ट मिटून, अगदी त्याच्यासारखे.

किती वेळ ते माहीत नाही. डोळे पुसून वर बघितलं तर उंडगी दरीवर खूप लांब, पण होती. हळूच गोल फिरत होती. पोस्टमन पलीकडे उभा, स्वतःचं विमान खाली टाकून आमच्या विमानाकडे बघत, तोंड उघडं. काय झालं होतं त्याला कोण जाणे. बाई माणूस रडताना बघितलं नसेल.

"द्या," मी म्हटलं. "कुठे आहे सांग, मग देतो," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज फुटत होता. सांगितलं. "घे मग. तुझं."

उतरवली अलगद. झुडपात नाही, काही नाही. आज घरी येताना अंग हलकं होतं, ताप उतरल्यावर असतं तसं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांनी उकळतं पाणी हातावर ओतून घेतलं. कप तिथे नव्हताच. बोट होतं. मी लॅबमधून धावत आले. मलमपट्टी झाली, पण आता ऐकणार नाही मी त्यांचं. परवाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

२८ फेब्रुवारी, शनिवार

काचबिंदू. दोन्ही डोळे. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, नसा सुकून गेल्यात, आता काही होणार नाही. मी म्हटलं, पण थोडंफार दिसतं त्यांना. त्या म्हणाल्या, "उजेड आणि अंधार, एवढंच. गेलं वर्षभर तरी असंच असणार. घरात सवयीनं वावरत असतील."

वर्षभर.

रिक्षात मी विचारलं, "मग विमान?"

त्यांनी तोंड बाहेर वळवलं. मग म्हणाले, "तू सांगत होतीस ना, कुठे आहे, कुठला पंख खाली. तेवढ्यावर घेत होतो. शिकवायला कान पुरतात."

"आणि त्या दिवशी? मी रडत होते तेव्हा कोण सांगत होतं?"

"वारा. वारा सांगतो," म्हणाले.

खरंच म्हातारा वस्ताद आहे. मला राग यायला हवा होता. त्यांचा हात धरून बसले.

७ मार्च, शनिवार

ताई घेऊन गेली त्यांना. तिच्याकडे दिवसभर माणसं असतात, मी दिवसभर लॅबमध्ये, आंधळ्या माणसाला गॅसशेजारी एकटं कसं ठेवायचं! तिचं बरोबर आहे. अण्णांनीही भांडण केलं नाही, हे जास्त लागलं.

दारात थांबून त्यांनी छताच्या हुकाकडे तोंड केलं; दर रविवारनंतर उंडगी परत तिथेच असते. "आहे ना जागेवर?" आहे म्हटलं. "टांगून ठेवू नकोस हं."

रिमोटची पिशवी ठेवून गेले. गाडी वळली तरी हात हलवत होते, चुकीच्या बाजूला.

८ मार्च, रविवार

वारा पश्चिमेचा. खिडकीतून कळत होतं. गेले नाही. दुसरा रिमोट धरणार कोण?

१२ मार्च, गुरुवार

पोस्टमन लॅबमध्ये आला, आमचं पार्सल द्यायला. रविवारी या म्हणाला. मी म्हटलं, अण्णांशिवाय नाही उडवत मी. माझ्याकडे बघत उभा राहिला. काहीतरी सांगायचं होतं त्याला, मग नुसतं म्हणाला, "बरं. दुसरा रिमोट मी धरतो. चार्ज करून आणा."

१५ मार्च, रविवार

सकाळी चार्ज करायला म्हणून अण्णांचा रिमोट पिशवीतून काढला. सेलचा कप्पा उघडला. सेल नाहीत. कप्प्यात हिरवा गंज, स्प्रिंगा कुजून गेलेल्या. किती वर्षांच्या कोण जाणे. वायर रिमोटला लावलेलीच नाही. तिचं टोक पिशवीच्या अस्तराला आतून शिवून टाकलंय, ओढलं तरी निघू नये म्हणून. टाके सासूबाईंचे नाहीत. वेडेवाकडे, कुठे चार एकावर एक, कुठे एकही नाही. न बघता घातलेले.

पिशवी घरीच ठेवली. एकटी गेले टेकडीवर. उंडगी वर गेल्यावर फोन गळ्यात अडकवून अण्णांना लावला, स्पीकरवर. सांगितलं — वारा समोरून आहे, दरीवर आहे ती, डावीकडे वळतेय, डावा पंख जरा खाली.

म्हणाले, "घेऊ का?"

म्हटलं, "घ्या."

"घेतलं."

मी दोन्ही अंगठे वर केले.